प्रत्येक रुग्णाची एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू-तपासणी) कशासाठी? शिरेतलं रक्त पुरत नाही का?

आपत्कालीन विभाग (धागाकर्ती)
दम लागलेला किंवा शुगर चढून गुंगीत गेलेला रुग्ण आला की पहिली ऑर्डर ठरलेली: "एबीजी पाठवा." मग मनगटात धमनीची शोधाशोध. नाडी बारीक लागते, सुई हाडाला टेकते, रुग्ण कळवळून हात ओढतो, तिथेच पुन्हा टोचलं जातं आणि रक्त साकळून मनगट काळंनिळं होतं. दुसऱ्या हातात सलाईनची सुई लावताना शिरेतलं रक्त तर काढलेलंच असतं!

प्रश्न आम्लतेचा असेल तर ते रक्त पुरतं. शिरेतला पीएच (आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) धमनीपेक्षा साधारण 0.03 ने कमी येतो, बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा क्षार) जेमतेम 1 ने जास्त. मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचतं तेव्हा) पीएच 7.05 आला काय नि 7.08 आला काय, इन्सुलिन, सलाईन, पोटॅशियम यांतलं काय बदलणार आहे? ऑक्सिजनसाठी बोटाला ऑक्सिमीटर असतोच. आधी व्हीबीजी (तीच तपासणी शिरेतल्या रक्तावर) करा, धमनीला कारण असेल तरच हात लावा.

भूलतज्ज्ञ
कीटोॲसिडोसिसपुरतं मान्य, बाकी असहमत. तुम्ही सरासरी सांगताय. कार्बन डायऑक्साइडचा दाब शिरेत सरासरी 5 मिमी पाऱ्याने जास्त असतो हे खरं, पण समोरच्या रुग्णात हा फरक शून्य असू शकतो किंवा 15 सुद्धा. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्णाचा शिरेतला आकडा 58 आला, तर धमनीत 57 धरायचा की 43? मास्कचं व्हेंटिलेशन लावायचं की नाही, ते यावर ठरतं.

शॉकमध्ये (रक्ताभिसरण ढासळतं तेव्हा) तर तफावत फारच वाढते. 1986 साली छापून आलेल्या वाइल यांच्या अभ्यासात, हृदय बंद पडून सीपीआर चालू असताना धमनीतला सरासरी पीएच 7.41 होता आणि फुप्फुसधमनीत पोचलेल्या मिश्र नीलरक्तातला (सगळ्या शरीरातून शिरांवाटे परतलेल्या रक्तातला) 7.15. आणि ऑक्सिमीटरवर एवढी भिस्त नको. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो.

धागाकर्ती
त्या अभ्यासात फसवं रक्त कोणतं होतं, ते बघा. पेशी आम्लात बुडालेल्या आणि धमनी 7.41 दाखवतेय! शरीराची खरी अवस्था नीलरक्ताने सांगितली. कार्बन डायऑक्साइडचं म्हणाल, तर शिरेत 45 किंवा त्याहून कमी असताना धमनीत 50 च्या वर सापडणं अगदी विरळा. असा रुग्ण टोचण्यातून सुटला. आकडा वर आला तर काढा की एबीजी, मी कुठे अडवतेय?

पशुवैद्य
आमच्याकडे हा वाद कधीच मिटलाय. हगवणीने निपचित पडलेल्या वासराच्या मानेतल्या शिरेतून रक्त घ्यायचं, बेस डेफिसिट (आम्ल किती साचलंय त्याचं माप) बघायचं आणि त्यावर बायकार्बोनेटचा डोस ठरवायचा. धमनीची आठवणही होत नाही. मांजराची धमनी शोधायला गेलात तर ते झटापट करतं, धापा टाकतं, कार्बन डायऑक्साइड खाली येतो आणि हाती लागतो तो झटापटीचा आकडा. धाप लागलेल्या मांजराच्या तर त्यात जिवावर बेतू शकतं.

पण भूल दिलेला घोडा पाठीवर झोपवलात तर मी भूलतज्ज्ञांच्या बाजूने. पोटातल्या अवयवांच्या वजनाने फुप्फुसं दबतात. शुद्ध ऑक्सिजन चालू असल्याने जिभेवरचा ऑक्सिमीटर 98 वरच राहतो आणि तोवर धमनीतला ऑक्सिजनचा दाब 400 वरून 110 वर घसरलेला असतो. चेहऱ्यावरच्या धमनीत कॅथेटर हवाच, त्यावर रक्तदाबही कळतो.

भूलतज्ज्ञ
मुद्द्याचं बोललात. आता "शिरेतलं" म्हणजे कुठल्या शिरेतलं, तेही ठरवा. मानेतलं वेगळं, दंडाला पट्टा आवळून मूठ मिटायला लावून काढलेलं वेगळं. तशाने लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक) फुगू शकतं. 2 च्या आत आलं तर निश्चिंत राहा, वर आलं तर धमनीतून खात्री करा. आणि नमुन्यावर "व्हीनस" लिहिलंच पाहिजे. नाहीतर ऑक्सिजन 38 वाचून कोणीतरी धडधाकट श्वास घेणाऱ्याच्या घशात नळी घालायला धावेल.

वॉर्डातली परिचारिका
धमनीतूनच घ्यायचं असेल तर टोचण्याआधी त्वचेखाली थोडं लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) द्या ना. वेदना खूप कमी होते, तरी "तेवढ्यासाठी कशाला" म्हणून ते टाळतात. आणि सिरिंजमधला बुडबुडा लगेच काढा. तो राहिला तर ऑक्सिजनचाच आकडा बिघडतो, मग टोचून उपयोग काय?

धागाकर्ती
लिग्नोकेनला शंभर टक्के पाठिंबा. शॉक, व्हेंटिलेटर, आकडा चढलेला सीओपीडी: इथे धमनी मान्य. कीटोॲसिडोसिसवर मात्र मी हटणार नाही. तिथे दर दोन-चार तासांनी पीएच बघावा लागतो, आणि दर वेळी मनगट टोचायचं समर्थन या धाग्यावर अजून कोणीही केलेलं नाही.