प्रश्न ढिला, मग पोरीचा मार्क काऊन कापता?

कापूसवाला (यवतमाळ): पोरीच्या तिसरीच्या पेपरात प्रश्न होता, 'आपल्याला कापूस कोठून मिळतो?' तिनं लिहिलं 'वावरातून'. बाईंनी फुली मारली आन वर लिहिलं 'वनस्पतीपासून'. सुट्टीत मायसंगं वेचणीले जाते ते, तिनं कापूस वावरातूनच घरी येताना पाह्यला. वनस्पती पाहिजे होती त 'कशापासून' विचाराचं होतं ना. मार्क एकच गेला, पण आता पोरगी पेपर लपवून राह्यली.

झेडपी_गुरुजी: भाऊ, राग समजते. पण आमची दोन मास्तरची शाळा, पाच वर्ग, पेपर आन उत्तरसूची बरेचदा वरूनच येते. धडा वनस्पतीच्या उपयोगाचा असन त उत्तर त्यातलंच पाहिजे. 'वावर' धरलं त उद्या कोणी 'दुकानातून' लिहीन, कोणी 'जिनिंगमधून'. आन हेच पोरं पाचवीत नवोदयले बसतात, तिथं २ तासात ८० प्रश्न, चारातला एकच गोल काळा कराचा, तुमचं म्हणणं ऐकाले तिथं कोणी नसते. काय विचारलं हे ओळखाची सवय लागाले पाहिजे.

वरूडचा_संत्रा: सर, नवोदयमधे पर्याय समोर छापलेले असतात, इथं कुठं होते? माह्या पुतण्याले आलं होतं, एका ओळीत १० झाडं, दोन झाडात ६ मीटर, तर वावर किती लांब? सूचीत ५४. त्यानं ६० लिहिलं, कारण आम्ही दोन्ही बांधापासून ३-३ मीटर सोडूनच झाड लावतो, बाजूले मांडूनही दाखवलं पोट्ट्यानं, तरी शून्य! 'ओळ किती लांब' विचारलं असतं त ५४ आम्हीच मानलं असतं.

स्पर्धापरीक्षा_अमरावती: एमपीएससी बी पहिली उत्तरतालिका टाकते, हरकती घेते, प्रश्न चुकला असन त रद्द करते. एवढ्या मोठ्या परीक्षेत जमते त एका वर्गात काऊन नाही जमत?

झेडपी_गुरुजी: ६० वाल्याले मी पूर्ण मार्क दिले असते, मांडून दाखवलं ना त्यानं. 'वावर'ले मात्र अर्धाच.

कापूसवाला (यवतमाळ): अर्धा नाही सर, पूर्ण. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मधे हाये, पोराले भीती नसावी, मत मोकळं मांडता यावं. बाईंनी जवळ घेऊन 'वावरात कशाले लागते?' एवढं विचारलं असतं त पऱ्हाटी, बोंड सारं सांगितलं असतं तिनं. सोमवारी पेपर घेऊन जातो शाळेत.

झेडपी_गुरुजी: जा, पण मधल्या सुट्टीत बोला, पोरांसमोर नको.