लिटरली म्हणजे नक्की काय?

माझी भाची कॉलेजात आहे, दर दोन वाक्यांमागे तिचं लिटरली. "मावशी, मी लिटरली मेले हसून." काल म्हणे लक्ष्मी रोडवर लिटरली पाय ठेवायला जागा नव्हती, मग तू उभी कुठे होतीस बाई? अर्थ तर अक्षरशः ना, म्हणजे बोललं तसंच घडलेलं? हे चूक आहे की हल्ली चालतं?

—

चालतं काय, धावतंय! मूळ लॅटिन लिटेरा म्हणजे अक्षर, त्यावरून लिटरली, म्हणजे आपल्या अक्षरशःचा जुळा भाऊच. पण इंग्रज लोक तो नुसता जोर द्यायला अठराव्या शतकापासून वापरतायत, मेरियम-वेबस्टरने १९०९ च्या कोशातच तो अर्थ घेतला, ऑक्सफर्डने २०११ ला घेतला आणि २०१३ मध्ये पेपरवाल्यांच्या लक्षात आलं तेव्हा काय ती बोंबाबोंब. व्हेरीचं पण तेच झालंय, मूळ अर्थ 'खरा', आता उरलाय नुसता 'फार'. जोर द्यायचे शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, मग नवा शोधावा लागतो.

आणि ताई, भाचीला बोलायच्या आधी आपला अक्षरशः बघा की. 'पोरांनी अक्षरशः डोकं खाल्लं' म्हणताना आपण डोकं चाचपून बघतो का? 'ते अक्षरशः रस्त्यावर आले' यात राहतं घर गेलं की नुसता धंदा बसला हे पुढचं ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून तर काटेकोर अर्थ हवा असला की आपण बहुतेक वेळा शब्दशः म्हणतो, शब्दशः भाषांतर, माझं बोलणं शब्दशः घेऊ नकोस वगैरे. अक्षरशः बिचारा कधीच जोर लावायच्या कामाला लागलाय (अपवाद 'अक्षरशः खरं', तिथे अजून जुना अर्थ टिकून आहे).

—

सगळं मान्य, पण लिहिताना जपून हां. खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की भिडे पूल लिटरली पाण्याखाली जातो, आणि संध्याकाळी सातला कर्वे रोड ट्रॅफिकमध्ये लिटरली बुडालेला असतो, हे दोन्ही एकाच परिच्छेदात आलं तर पुण्याबाहेरच्या माणसाने काय समजायचं? पहिला ठेवा, दुसरा काढा, वाक्याचं काही बिघडत नाही. भाचीला बोलताना टोकू नका, असाइनमेंटमध्ये दिसला तर मात्र खुशाल खोडा.