ताप असेल तर मुलांना सरावाला पाठवू नका

बी ४०२ वहिनी: सुप्रभात. सकाळी सकाळी लिहितेय, राग मानू नका. काल गणपतीच्या नाचाच्या सरावाला हॉलमध्ये २२ मुलं होती. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद. तिघं सारखी खोकत होती, एकाचं अंग चक्क तापलेलं. आमचे नाना ७८ वर्षांचे, त्यात शुगर. मागच्या पावसाळ्यात न्यूमोनियाने ९ दिवस ॲडमिट होते, सगळे भेटायला आला होतात. हात जोडून सांगते, घरात ताप असेल तर मुलांना पाठवू नका.

ए १०१ अण्णा: लिफ्टचा पंखा महिनाभर बंद आहे. त्याचं काय झालं?

सी ३०३: वहिनी, रोख कळला. सरळ नाव घ्यायचं होतं. आमच्या धाकट्याला ताप नव्हता, गोळी दिल्यावर उतरला होता.

बी ४०२ वहिनी: ताई, नाव घेतलं नाही, घेणारही नाही. पण गोळीने उतरला म्हणजे गेला असं नाही ना?

बी १०३: महापालिकेला सांगून धूर फवारणी करून घ्या. मी जूनपासून बोंबलतोय.

ए २०४ सिस्टर: दादा, धूर डासांसाठी. फ्लू डासांमुळे होत नाही, खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला लागण देतो, पुढे ५ ते ७ दिवस. लहान मुलं त्याहूनही जास्त. म्हणून वॉर्डात आम्ही एकच सांगायचो: गोळी न घेता २४ तास ताप नाही, तरच बाहेर.

ए ५०२: आलं, तुळस, गवती चहाचा काढा घ्या. आमच्याकडे कोणी आजारी पडत नाही 🙏

ए २०४ सिस्टर: घशाला बरं वाटतं, जरूर घ्या. विषाणू त्याने मरत नाही.

बी १०३: डास तुमच्याच कुंड्यांच्या ताटल्यांत होतात, ५०२. ते पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, ते वेगळंच.

ए ५०२: तो विषय मागच्या मीटिंगमध्ये संपला आहे.

बी १०३: तुमच्यासाठी संपला असेल.

सी ४०१: गंगेवर पाणी वाढलंय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं म्हणे. कोण येतंय बघायला? 😄

सचिव: कृपया विषयावर बोला.

ए १०१ अण्णा: विषयावरच बोलतोय. लिफ्टचा पंखा.

खजिनदार: अण्णा, कोटेशन आलं आहे. ११ फ्लॅटचा मेंटेनन्स बाकी आहे, पैसे कुठून काढू?

ए १०१ अण्णा: माझी पावती टाकतो. मग पंखा लावा.

ए २०४ सिस्टर: अण्णांचं बरोबर आहे. बंद डब्यात ६ माणसं, हवा हलत नाही. खोकला असेल त्याने मास्क लावावा, नाहीतर जिन्याने जावं. बटणांवर विषाणू दिवसभरही टिकू शकतो, घरी गेल्यावर साबणाने हात धुवा. हॉलच्या पूर्वेकडच्या खिडक्या उघडल्या तर पाऊस येत नाही, मी बघून आले.

बी २०१: आमच्याकडे मागच्या वेळचं अँटिबायोटिक शिल्लक आहे, कोणाला हवं असेल तर सांगा.

ए २०४ सिस्टर: नको! फ्लूवर ते चालत नाही. धाप लागली, छातीत दुखलं, मूल पाणीही पीत नसेल, तर लगेच डॉक्टर. विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोग. आणि ज्येष्ठ, गरोदर, दमा-शुगरवाल्यांनी डॉक्टरांना लसीचं विचारा. ती दरवर्षी घ्यावी लागते, अंगी लागायला २ आठवडे जातात. गणपतीला ३ आठवडे राहिलेत.

सी ४०१: स्वाइन फ्लू तर गेला ना पण?

ए २०४ सिस्टर: गेला नाही. २००९ मध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. तोच एच१एन१ आता नेहमीच्या फ्लूत फिरतो.

बी ४०२ वहिनी: अजून एक. वॉचमनकाका परवा तापात गेटवर बसले होते. सुट्टी घेतली तर पगार कापतो आपण. धुणं-भांड्यांच्या ताई तशाच अंगाने ४ घरं करतात. त्या दारावरची बेल दाबतात, आपल्या मुलांच्या डब्यांना हात लावतात. त्यांनी घरी थांबावं असं वाटत असेल तर ३ दिवसांचे पैसे आपणच द्यायला हवेत.

खजिनदार: सोसायटीच्या खात्यातून शक्य नाही.

ए १०१ अण्णा: वॉचमनचे ३ दिवस माझ्याकडून. पंखा मात्र लावा.

सचिव: मेकॅनिकला फोन केला आहे. ४ वाजता येतोय.

सी ३०३: वहिनी, धाकट्याला आत्ता १०१ आहे. सकाळी मी उगाच चिडले. पुढचा सराव व्हिडिओ कॉलवर करून घेतील का? रडतोय बिचारा.

बी ४०२ वहिनी: अहो, करतील की. मऊ भात आणि मेतकूट करतेय, डबा दाराबाहेर ठेवते. बेल वाजवून खाली येईन.

ए १०१ अण्णा: ४:२० झाले. मेकॅनिक आला का?