प्रिन्स जॉर्जमध्ये घर: सिटीत घ्यावं की हद्दीबाहेर? टॅक्सचं गणित सांगा कोणीतरी

सरीकर_निघाला_उत्तरेला:
नमस्कार मंडळी, बायकोला प्रिन्स जॉर्जला (पीजी, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेकडचं शहर) जॉब लागलाय म्हणून आम्ही व्हँकुव्हरजवळच्या सरीहून तिकडे शिफ्ट होतोय. दोन घरं आवडलीयत, किंमत जवळपास सारखीच. एक सिटीत, दुसरं हद्दीबाहेर पाच एकरावर आणि त्याचा प्रॉपर्टी टॅक्स बराच कमी दिसतोय. एजंट म्हणतो डोळे झाकून बाहेरचं घ्या. आपल्याकडे ग्रामपंचायतीची घरपट्टी महापालिकेपेक्षा कमी असते तसलाच प्रकार ना हा? पहिलंच घर आहे, दोघंही पीआर, म्हणजे कॅनडाचे कायमचे रहिवासी.

बर्फातला_बंड्या:
घरपट्टीसारखंच समज, पण कमी का आहे ते बघ ना भावा. बाहेर म्युनिसिपालिटीच नाही, बिल थेट प्रॉव्हिन्सकडून (म्हणजे राज्य सरकारकडून) येतं, त्यात शाळा, हॉस्पिटल, रीजनल डिस्ट्रिक्ट (आपल्या जिल्हा परिषदेसारखं), असलंच तर फायर प्रोटेक्शन आणि वर बिलातल्या काही रकमांवर 5.25 टक्के वसुलीचा खर्च. सिटीत पाणी, सीवर, कचरा याचे पैसे टॅक्सशिवाय वेगळे द्यावे लागतात, तेवढं बघून लोक घाबरतात. पण बाहेर विहीर तुझी, पंप तुझा, सेप्टिक टँक दर तीन-पाच वर्षांनी उपसायचा तोही तूच, आणि कचरा गाडीत घालून ट्रान्सफर स्टेशनला (कचरा जमा करायच्या केंद्रावर) न्यायचा. रस्त्यावरचा बर्फ सरकारी कॉन्ट्रॅक्टर काढतो खरा, पण जाताना तुझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बांध घालून जातो, तो फोडायला स्नोब्लोअर नाहीतर माणूस लागतोच.

पीजीवाली_ताई:
आणि इन्शुरन्सचं कोणीच कसं बोलत नाही! आधी घराचा पत्ता देऊन कोट घ्या. फायर हॉल (अग्निशमन केंद्र) किती लांब, जवळ हायड्रंट (आग विझवायला रस्त्यावरचा पाण्याचा नळ) आहे का यावर प्रीमियम ठरतो, आणि बाहेर बऱ्याच ठिकाणी हायड्रंट नसतोच. टॅक्समध्ये वाचलेले पैसे तिथेच जाऊ शकतात. शिवाय लाईट गेली की पंप बंद, म्हणजे नळ कोरडा, उणे तीसमध्ये जनरेटर नसेल तर काय हाल होतात ते विचारू नका. घेणारच असाल तर विहिरीच्या पाण्याची टेस्ट आणि सेप्टिकची तपासणी झाल्याशिवाय सही करू नका हो.

आकडेमोड:
पाच एकर म्हणजे साधारण दोन हेक्टर. फर्स्ट टाइम बायरला ट्रान्सफर टॅक्सची (घर नावावर करताना लागणारा कर) पूर्ण सूट हवी तर जागा 0.5 हेक्टरच्या आत लागते, मोठी असेल तर सूट अर्धवटच मिळते. एजंट हे सांगत नाहीत, का ते देव जाणे. होम ओनर ग्रँट (स्वतः राहत्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्समधली सवलत) मात्र दोन्हीकडे सारखीच, उत्तरेत 770 डॉलर (सरीला 570), म्हणून ती हिशोबात धरू नकोस, फक्त दरवर्षी प्रॉव्हिन्सकडे स्वतः क्लेम करायची, आपोआप येत नाही. आणि एजंटने दाखवलेला टॅक्सचा आकडा ग्रँट वजा करून आहे का ते विचार, कारण घरमालक 65 किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना 1,045 मिळतात आणि बिल आपसूक कमी दिसतं.

सरीकर_निघाला_उत्तरेला:
बापरे, मालक रिटायर्डच आहेत! बिल मागवतो. मग सिटीतलंच घेऊ का सरळ?

बर्फातला_बंड्या:
सिटीत म्हणजे पाणी-सीवर असणारच असंही नाही रे. पीजीची हद्द अवाढव्य आहे, आतसुद्धा कित्येक घरं विहीर-सेप्टिकवर आहेत, म्हणजे टॅक्स सिटीचा आणि उपसा स्वतःचा. त्या घराचं युटिलिटी बिल माग आधी. बाकी तुला घोडे पाळायचे असतील, शांतता हवी असेल तर बाहेरचं घे की, मीही बाहेरच राहतो, पण टॅक्स वाचतो म्हणून नाही.

पीजीवाली_ताई:
आणि वहिनींच्या शिफ्ट कधीच्या आहेत ते विचारा त्यांना. पहाटे पाचला अंधारात हायवेवर मूस (भलंमोठं हरीण) आडवा येतो इथे.