एक्क्यांची जोडी आली म्हणून पॉट मारायचाच का?

इथे एकाने सल्ला दिलाय की ओमाहात (पोकरचा प्रकार: हातात चार पत्ते, त्यातले नेमके दोन नि टेबलावरचे तीन धरायचे) दोन एक्के आले की प्रीफ्लॉप, म्हणजे टेबलावर पत्ते उघडण्याआधीच, पॉट मारायचा (पॉटमध्ये जमलेल्या रकमेइतकी कमाल वाढ करायची), पुढचं पुढे बघू. मला अजिबात पटत नाही, महाग पडतं ते पुढचंच.

5-10 सेंटचं टेबल (दोघांनी आधीच भरायच्या सक्तीच्या बोली), तुमच्यासमोर 10 डॉलर. एकाने 35 सेंट केले, दुसऱ्याने कॉल (तेवढेच भरले). तुमचा पूर्ण पॉट रिरेझ (वाढलेल्या बोलीवर पुन्हा वाढ) होतो 1.55. या स्टेक्सला बहुतेक वेळा दोघंही येतात. आता पॉट साधारण 4.80, तुमच्याकडे 8.45, आणि तुमचे पत्ते सगळ्यांनी ओळखलेत.

फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) नव्वी-अठ्ठी-दुर्री. समोर गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की असेल, तर राणी नि पंजी प्रत्येकी चार, बाकी चार पत्ते प्रत्येकी तीन, म्हणजे 45 पैकी 20 पत्त्यांवर त्याचा स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) लागतो. रिव्हरपर्यंत, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या, पाचव्या पत्त्यापर्यंत, सुमारे 70 टक्के! नुसती जोडी तिथे मागेच आहे.

म्हणून एक्क्यांसोबत राजा-राणी, दोन्ही एक्क्यांच्या रंगाचा एकेक पत्ता असेल तर जरूर रिरेझ करा. इस्पिक-बदाम एक्के, किलवर अठ्ठी, चौकट तिर्री असा कोरडा हात असेल तर मी फक्त कॉल करतो आणि सेट लागला (तिसरा एक्का आला) तरच जोर लावतो. अपवाद एकच: रिरेझने निदान एक तृतीयांश स्टॅक (तुमच्यासमोरचे पैसे) आत जात असेल तर मागेपुढे बघू नका.

आणि नट फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते, त्यातला सर्वांत मोठा, एक्क्याचा) लागला की कृपया चेक करून (बोली न लावता) सापळे लावत बसू नका. राजाचा, राणीचा फ्लश धरून बसलेले लोक इथे पूर्ण पॉट कॉल करतात.