स्वतःची हवेची बोट तलावात उतरवायला परवानगी असावी का?

मासुंदाकाठ (ठाणे)

दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या एका अनुभवावरून हा विषय चर्चेला ठेवत आहे. गेल्या वर्षी मी दोन माणसांची, हवा भरून फुगवायची बोट विकत घेतली. घडी घातली की ती एका मोठ्या पिशवीत मावते आणि पायपंपाने पंधरा-वीस मिनिटांत भरते. मुलगा 11 वर्षांचा असून त्याला पोहता येते. आम्ही दोघे शहापूरकडच्या एका लहान पाझर तलावावर सकाळी साडेसातला पोहोचलो, लाइफ जॅकेट चढवली आणि बोटीच्या शेवटच्या कप्प्याचे झाकण लावत होतो, तोच तिथल्या रखवालदारांनी येऊन बोट उतरवायला मनाई केली. कोणत्या नियमाने, हे त्यांना सांगता आले नाही आणि काठावर तसा फलकही नव्हता. मुलासमोर वाद घालणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून हवा सोडून आम्ही परत निघालो. गाडीत बसल्यावर मुलगा रुमालाने वल्ही पुसत होता. ती पाण्याला लागलीही नव्हती.

ठाण्याला आपण तलावांचे शहर म्हणतो. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी, आंबेघोसाळे अशी नावे आपल्या पत्त्यांमध्येच आहेत, पण पाण्याशी आपले नाते बहुतेक वेळा कठड्यापाशी येऊन थांबते. तलावपाळीला नौकाविहार आहे आणि तो असावाही, परंतु दुसऱ्याच्या बोटीत अर्धा तास बसून येणे आणि स्वतः वल्हे मारायला, वारा ओळखायला, काठ गाठायला शिकणे या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. पाण्याची रीतसर ओळख नसलेली मुले पुढे कॉलेजात गेल्यावर पावसाळी सहलीत धबधब्याखाली नको ते धाडस करतात, हे आपण दरवर्षी वाचतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मला मान्य आहे, मात्र परवाना असला की सुरक्षितता आपोआप येते असे मला वाटत नाही. वडोदऱ्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 रोजी सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षक दगावले. ती बोट ठेक्यावर चालणारी होती. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की, शहरातल्या एखाद्या तलावावर ऑक्टोबर ते मे या काळात, शनिवार-रविवारी सकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढ्याच वेळात, केवळ हाताने वल्हवायच्या लहान बोटींना नोंदणी करून परवानगी द्यावी. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्यात यंत्र नसलेल्या बोटींची स्थानिक पातळीवर नोंद ठेवण्याचा विचारही आहे. सरसकट बंदी हा सोपा मार्ग आहे, पण तो योग्य आहे का?

खाडीकर (ऐरोली)

आपली तळमळ पोहोचली, तरीही मी विरोधात लिहीत आहे. आमचे घर दिवा कोळीवाड्यातले. वडिलांची होडी आहे आणि मी स्वतः खाडीत वल्हे मारतच मोठा झालो, तेव्हा पाण्याला भिऊन मी हे लिहीत नाही.

होडीचा काही भाग पाण्याखाली असतो, तो पाणी धरतो आणि होडीला वाऱ्यापुढे सरकू देत नाही. हवेची बोट पाण्यावर पत्रावळीसारखी वरच्यावर तरंगते. तिच्या बाजू फुगीर, बूड सपाट आणि वजन नगण्य असल्यामुळे वारा तिला ढकलतो तेव्हा आत बसलेल्या माणसाच्या हातात फारसे काही उरत नाही. सकाळी पाणी आरशासारखे असते, म्हणून नवखा माणूस वाऱ्याच्या दिशेने खुशाल लांब जातो, कारण जाताना वल्हे हलके लागते. परत फिरल्यावर त्याला कळते की आपण पुढे जातच नाही. दुपारी खारा वारा सुटला की काठ समोर दिसत असूनही हाताशी येत नाही.

आपण हरणीचे उदाहरण दिलेत, मी उजनीचे देतो. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जण गेले. ते नेहमीचे पाणी होते आणि नेहमीचाच मार्ग होता. वळवाच्या दिवसांत वारा येण्याआधी आभाळ किती वेळ देते, हे सुट्टीपुरता पाण्यावर येणाऱ्याला कोण शिकवणार?

दुसरे म्हणजे तलावाच्या तळाशी काय आहे ते वरून दिसत नाही. विसर्जनाच्या मूर्तींच्या सळया आणि मखराच्या पट्ट्या गाळात उभ्या राहिलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. गावाकडच्या तलावांत बाभळीची बुडालेली खोडे असतात आणि मासेमारी संस्थेची जाळी लावलेली असतात. हवेच्या बोटीला भोक पडले तर ती सांभाळता येईल, पण जाळ्यात वल्हे अडकले की बोटीतला माणूस वाकून ते ओढतो आणि बोट त्याच बाजूला कलते. शिवाय त्या जाळ्यावर कोणाचे तरी घर चालते. फाटले तर ते भरून कोण देणार, हा प्रश्न आपल्या प्रस्तावात आलेला नाही.

कासारवडवली

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. बंदी कागदावर राहते आणि माणसे ट्रकच्या ट्यूबा घेऊन रखवालदार जेवायला गेल्यावर उतरतात. त्यांच्याकडे जॅकेटही नसते आणि काठावर लक्ष ठेवणारेही कोणी नसते. चोरून होणाऱ्या गोष्टीपेक्षा डोळ्यांसमोर होणारी गोष्ट बरी.

नेरूळवासी

चर्चा ठाण्यातल्या तलावांपुरती राहावी, अशी माझी विनंती आहे. नवी मुंबईत या मागणीचा अर्थ फार वेगळा होईल. आमच्याकडे नेरूळचा डीपीएस तलाव आणि टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या परिसरातल्या पाणथळीत हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, म्हणजे आपण मागितलेलाच हंगाम. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा हे पक्षी विश्रांतीसाठी अशा उथळ पाण्यात येतात. तेवढ्या वेळात एक बोट जरी जवळ गेली तरी सगळा थवा उठतो आणि पुढच्या भरतीपर्यंत त्यांना टेकायला जागा राहत नाही. मोटार नाही, आवाज नाही, म्हणून त्रास नाही, हा समज खरा नाही. पक्षी आकार पाहून उठतात. ठाणे खाडी 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, तरी काठच्या या लहान पाणथळींसाठी लोकांना अजूनही भांडावे लागते.

मोरबे धरणाचे नावही कोणी पुढे करू नये. ते आमच्या शहराचे पिण्याचे पाणी आहे.

मासुंदाकाठ (ठाणे)

नेरूळवासी, आपला मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पक्ष्यांची पाणथळ आणि पिण्याच्या पाण्याचे जलाशय प्रस्तावातून वगळले पाहिजेत, ते मी मूळ मजकुरातच लिहायला हवे होते.

खाडीकर, वाऱ्याबद्दल आपण लिहिलेले मी दोनदा वाचले. वेळ साडेनऊपर्यंतच ठेवण्यामागे माझाही तोच विचार होता. सुरुवातीला वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे परतताना वारा काठाकडे आणतो, हे मी मुलाला शिकवले आहे. जाळ्यांबाबत मी गाफील होतो. मात्र शहरातल्या चारी बाजूंनी बांधलेल्या तलावात पलीकडचा काठ काही मिनिटांवर असतो, वाऱ्याने ढकललेली बोट कोणत्या ना कोणत्या पायरीला लागते आणि काठावर माणसे असतात. उजनीसारख्या अफाट पाण्याचे माप त्याला लावू नये. आणि मे महिना वगळायला माझी हरकत नाही.

वर्तकनगरची आई

मला या विषयावर लिहायचे नव्हते, पण वाचून राहवले नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही एका धरणाच्या फुगवट्यावर भावाची अशीच बोट घेऊन गेलो होतो. सकाळी सातला ती गच्च भरली, मुलांनी दोन फेऱ्या मारल्या आणि मग बोट उन्हात खडकावर ठेवून आम्ही डबे उघडले. अकराच्या सुमारास तिला हात लावला तर ती ढोलासारखी वाजत होती. कोणालाही त्यात धोका वाटला नाही, उलट हवा अजून टिकली आहे याचे समाधानच वाटले. माझी मुलगी चढली आणि बाजूच्या कप्प्याचा जोड उसवला. पाणी छातीएवढेच होते आणि भाऊ शेजारी उभा होता, त्यामुळे पुढचे टळले.

मला आजही जे दिसते ते वेगळेच आहे. मुलीच्या अंगात मोठ्या माणसाचे जॅकेट होते. ती पाण्यात पडताच जॅकेट वर गेले, तिचे कान, मग डोळे त्यात झाकले गेले आणि ती खालून घसरायला लागली. तिला जॅकेट आहे म्हणून मी निर्धास्त होते.

आम्ही निष्काळजी माणसे नाही. दोन शिकलेले भाऊ-बहीण, हातात माहितीपत्रक असलेले, अशी आमची अवस्था झाली. आपण म्हणता तशी नोंदणी करून तिथला कर्मचारी वहीत नाव लिहील, पण जोड तपासेल का? जॅकेट मुलाच्या मापाचे आहे का, हे पाहील का? त्याला ते शिकवले जाणार नसेल, तर त्या वहीमुळे आमच्यासारख्यांना फक्त खोटा धीर मिळेल. माझे मत बंदीच्या बाजूने आहे.

मासुंदाकाठ (ठाणे)

ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. बोटीबाबत जे घडले त्याचे कारण इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याला उपयोग होईल. बंद कप्प्यातल्या हवेचा दाब तापमानाच्या दर 10 अंशांमागे साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतो. ऐकायला हे थोडेसे वाटते, पण ही टक्केवारी बाहेरच्या वातावरणाच्या दाबासकट धरलेल्या एकूण दाबावर आहे. आपल्या लहान बोटींत आपण भरतो तो जादा दाब वातावरणाच्या मानाने अगदी किरकोळ असतो, त्यामुळे सकाळच्या गारव्यात गच्च भरलेला कप्पा उन्हात 20 अंशांनी तापला तर जोडांवरचा ताण दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. याच्या उलट, उन्हात भरलेली बोट थंड पाण्यात ठेवताच सैल पडते. म्हणून भरल्यावर ती थोडा वेळ पाण्यातच ठेवून मग हवा पुरी करावी आणि काठावर काढल्यावर प्रत्येक कप्प्याची हवा जरा सोडून तिला सावलीत ठेवावे.

जॅकेटबद्दल आपण म्हणता तेच खरे आहे. लहान मुलाच्या जॅकेटला मांडीखालून जाणारा पट्टा असलाच पाहिजे आणि खांद्यांना धरून वर ओढल्यावर ते हनुवटीच्या वर सरकता कामा नये. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते आणि काठावरच्या कर्मचाऱ्याला ती शिकवता येईल. माझे मत मी बदललेले नाही, पण "नोंदणी" हा शब्द मी फार सहज वापरला होता हे कबूल करतो.

खाडीकर (ऐरोली)

हवेचे गणित मला नव्याने कळले. आता माझा एकच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपण स्वतः द्यावे. आपण व आपला मुलगा मुद्दाम बोट उलटवून, खोल पाण्यातून, कोणाच्याही मदतीशिवाय पुन्हा तिच्यात चढला आहात का? आमच्याकडे पोराला एकट्याने होडी देण्याआधी हे करून घेतात. पोहता येते की नाही, हे नंतर विचारतात. पाय टेकत नसताना फुगीर बाजूवरून आत जाणे काठावरून दिसते तितके सोपे नाही, आणि जॅकेट छातीशी आडवे येते. परवानगी मागणाऱ्या प्रत्येकाने हे रखवालदारासमोर करून दाखवावे, अशी अट असेल तर मी विरोध मागे घेईन. त्यात जाळी असलेले तलाव नकोत आणि दोर तरंगणारा हवा. पुष्कळजण नायलॉनचा दोर आणतात, तो पाण्यात बुडतो आणि पायात येतो.

मासुंदाकाठ (ठाणे)

उत्तर द्यायला 12 दिवस लावले, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर "नाही" असे होते आणि ते तसेच लिहून थांबणे मला पटले नाही. सोसायटीच्या समितीची परवानगी घेऊन रविवारी सकाळी आम्ही बोट पोहण्याच्या तलावात, खोल बाजूला उतरवली. जीवरक्षक शेजारी उभे होते.

मुलगा तिसऱ्या प्रयत्नात चढला. मी 4 वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा बोट माझ्याच अंगावर उलटली. मी बाजूची दोरी धरून वर ओढून घेत होतो, पाय बोटीखाली जात होते आणि जॅकेटमुळे पोट वर येत नव्हते. पाचव्या वेळी दमून कडेला गेलो. काठावर खुर्चीत बसलेली माझी आई एक शब्दही बोलली नाही.

पालिकेकडे द्यायचा अर्ज तयार आहे. त्यात आपली अट पहिल्या क्रमांकावर घातली आहे, ताईंची जॅकेटची तपासणी दुसऱ्या क्रमांकावर, आणि वगळायच्या पाण्यांबद्दल नेरूळवासींचा परिच्छेद जसाच्या तसा घेतला आहे. पण जी अट मला स्वतःला पार करता येत नाही, तिच्याखाली मी सही कशी करू? ती जमेपर्यंत अर्ज देणार नाही.

खाडीकर (ऐरोली)

बाजूने चढू नका, मागच्या टोकाकडून चढा. तिथे बोट लांबीला असते, ती सहज उलटत नाही. आधी पाय मारून अंग पाण्यावर आडवे करा, मग एका दमात छाती आत घाला आणि लगेच वळू नका, पोटावरच पुढे सरका. मागच्या कडीला दोराचा एक फासा गुडघ्याखाली येईल एवढा लोंबता बांधा, त्यात पाय ठेवता येतो. पुढच्या रविवारी मला ओहोटीमुळे सकाळ मोकळी आहे. चालत असेल तर मी येतो.

वर्तकनगरची आई

मुलीचे नवे जॅकेट घेतले आहे, मांडीखालच्या पट्ट्याचे. माझे मत अजून तेच आहे, पण समितीची हरकत नसेल तर आम्हीही बघायला येऊ.