बेटावरचा शनिवार-रविवार: तुमचेही अनुभव लिहा

निशिगंध
काल दुकानात फ्रीजच्या अगदी खालच्या कप्प्यात हलुमी चीजचं पाकीट दिसलं आणि मी तिथेच उभी राहिले. घरी येऊन तव्यावर दोन काप भाजले. पहिल्याच घासाला दाताखाली तीच करकर, आणि डोळ्यांसमोर थेट निकोसिया.

मार्च २०१३. मी सायप्रसला हॉटेल मॅनेजमेंट करत होते. सोमवारी ग्रीन मंडेची सुट्टी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस. लोक रानात जातात, पतंग उडवतात, लागाना नावाचा तीळ लावलेला चपटा पाव, ऑलिव्ह, ऑक्टोपस खातात. मटण वर्ज्य. तीन दिवस जोडून सुट्टी म्हणून आम्ही खूश.

शनिवारी १६ तारखेला सकाळी रूममेटने हलवून उठवलं, "अगं, बँकेतले पैसे कापणार आहेत." मला वाटलं झोपेत बडबडतेय. पण खरंच होतं. रात्रीतून ब्रसेल्सला ठरलं होतं की सायप्रसला मदत हवी तर प्रत्येक ठेवीतून वाटा घ्यायचा. एक लाख युरोपर्यंत ६.७५ टक्के, त्यावर ९.९. माझ्या खात्यात फीचे ९४० युरो, बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून पाठवलेले.

धावत एटीएमला गेलो. रांग कोपऱ्यावरून वळलेली. दीड तासाने नंबर आला तर माझ्या पुढच्या आजोबांनाच मशीनने कार्ड परत दिलं, नोट एकही नाही. ते कार्ड कितीतरी वेळ उलटंपालटं करून बघत होते. माझ्याकडे १४ युरो.

कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने दूध, पाव, अंडी दिली आणि वहीत नुसतं 'इंडिया' लिहून ठेवलं. आणि वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई सोमवारी आम्हा दोघींना स्वतःबरोबर रानात घेऊन गेल्या. "कोपियास्ते" म्हणाल्या, म्हणजे या, बसा, जेवा. त्यांची आयुष्यभराची पुंजी बँकेत अडकलेली, आणि बाई हलुमी भाजून आमच्या ताटात वाढतायत! मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? म्हणाल्या, "चौऱ्याहत्तरला घर सोडलं तेव्हा चुलीवर भांडं तसंच होतं. हे तर पैसे आहेत." १९७४ ला तुर्की सैन्य आलं आणि बेटाचे दोन तुकडे झाले, त्यांचं माहेर त्या रेषेच्या पलीकडे, उत्तरेला राहिलं.

मंगळवारी त्यांच्या संसदेने तो प्रस्ताव फेटाळला, बाजूने एकही मत नाही. बँका उघडल्या थेट २८ तारखेला, तेही दिवसाला ३०० युरोच मिळणार. शेवटी लाखाच्या आतल्या ठेवी वाचल्या, माझी फी वाचली.

तुमच्यापैकी कोणी अशा बेटांवर शिकायला होतं का? लिहा ना.

अमोल_जी
बापरे. वाचूनच पोटात गोळा आला. घरी सांगितलं होतंस का तेव्हा?

भाकरी_पिठलं
नोटबंदीत आमच्या गल्लीत अशीच रांग होती, सासूबाईंना खुर्ची नेऊन दिली होती बँकेसमोर. वाण्याने महिनाभर उधार दिलं. त्याच वाण्याकडे अजूनही जातो आम्ही, मॉल झाला तरी.

दर्यावर्दी७
माल्टा. २०१७. शनिवारी ४ मार्चला आम्ही पाच जण शेजारच्या गोझो बेटावर. चर्केव्वाहून बोट, तिकीट जाताना नाही, परत येतानाच काढायचं, ही गंमत पहिल्यांदा कोणालाच कळत नाही. द्वेय्राला अझूर विंडो बघितली, दगडाची ती प्रचंड कमान. आमच्यातल्या एकाला वर चढून फोटो हवा होता. तिथला एक म्हातारा कोळी जाळं सोडून उठला आणि जोरजोरात हात हलवून ओरडायला लागला. भाषा कळली नाही पण सूर कळला, आमची आजी विहिरीच्या काठावरून ओरडायची तो. मित्र खाली उतरला.

बुधवारी, ८ तारखेला, सकाळच्या लेक्चरला सगळ्यांचे फोन एकदम थरथरायला लागले. वादळात कमान पडली होती. पूर्ण. खांबसुद्धा राहिला नाही. आमच्या मॅडम गोझोच्या. त्यांनी खडू खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. वर्गात कोणी बोललं नाही. मग म्हणाल्या, आज घरी जा.

माझ्याकडे शनिवारचे ३१ फोटो आहेत. एकही पुसलेला नाही.

अमोल_जी
@दर्यावर्दी७ त्या कोळ्याला दंडवत 🙏

मांडवीतीर
माल्टा म्हटल्यावर राहवेना. मी पणजीचा, तिथे दोन वर्षं होतो. ऑगस्टात मोस्ताला सांता मारियाचं फेस्त बघितलं आणि घरीच आल्यासारखं झालं. रस्त्यावर दिव्यांच्या माळा, बँड, दारूकाम, आणि खाज्याच्या जागी कुबायत, बदामाची चिक्कीच म्हणा. त्याच चर्चच्या घुमटातून ९ एप्रिल १९४२ ला जर्मन बॉम्ब आत पडला, प्रार्थनेला अडीचशेच्या वर माणसं, आणि तो फुटलाच नाही. शेजारच्या आजी हे सांगताना दरवेळी छातीवर क्रूस करायच्या. त्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या, घुमटाखाली आईच्या मांडीवर.

भाकरी_पिठलं
अंगावर काटा. त्या पास्तित्सी का काय म्हणतात त्या खाल्ल्यात का? भाचा सांगत होता करंजीसारख्या लागतात.

मांडवीतीर
करंजीपेक्षा खारीच्या जवळ. पापुद्रे सुटतात. आत रिकोटा नाहीतर वाटाणा. वाटाण्याची खा, आपल्या मटार करंजीची बहीण.

द्राक्षबाग_तासगाव
इटलीचं सिसिली चालेल ना? जुलै २०२४, मी कातानियाला एमएस करत होते. बाबा आठ दिवस आले होते, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. शुक्रवारी ५ तारखेला परतीचं विमान, आणि पहाटे एटना ज्वालामुखी फुटला. राखेने विमानतळ बंद. पुढचं तिकीट सोमवारचं. मला रडू यायच्या बेतात, कारण बाबांचं गुडघ्याचं औषध संपलेलं आणि मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देईना.

बाबा मात्र गॅलरीत उकिडवे बसलेले. राख काळी, रव्यासारखी, चपलेखाली कुरकुर वाजते. त्यांनी चिमूटभर घेतली, बोटांत चोळली, वास घेतला, जिभेला लावली! "सोनं आहे गं हे. पावसाने मुरलं की मग बघ." शनिवारी शेजारच्या आजोबांबरोबर बसने डोंगराच्या पायथ्याच्या द्राक्षमळ्यात गेले. एकाला मराठी, एकाला सिसिलियन. संध्याकाळी परतले तेव्हा छाटणीवर त्यांची 'चर्चा' चालूच होती, हातांनी. कितव्या डोळ्यावर कापायचं ते दोघं बोटांनी मोजून दाखवत होते. औषध त्या आजोबांनीच आपल्या डॉक्टरकडून आणून दिलं.

येताना बाबांनी मुरांब्याच्या बरणीत राख भरून आणली. मागच्या वर्षी बाबा गेले. बरणी देव्हाऱ्याजवळ आहे, आई रोज पुसते.

निशिगंध
@द्राक्षबाग_तासगाव 😢 काय लिहू. आईंना नमस्कार सांग.

दर्यावर्दी७
ताई, ती राख बागेत एका वेलीला घाला थोडी. बाबांना आवडेल.

द्राक्षबाग_तासगाव
घातली आहे. विहिरीजवळच्या ओळीत पहिल्या वेलीला.

उमरग्याची_आई
मी शिकायला नव्हते, लेक होती, ग्रीसच्या क्रीट बेटावर. २०२१ च्या सप्टेंबरात शनिवार-रविवार मैत्रिणींबरोबर खान्या शहरात गेली होती, रविवारी रात्री हेराक्लिओनला परत. सोमवारी २७ तारखेला तिथल्या सव्वानऊच्या सुमारास भूकंप. आपल्याकडे पावणेबारा, मी भाकऱ्या थापत होते. फोन आला, "आई मी रस्त्यावर उभी आहे, मी ठीक आहे." मी आधी विचारलं, पायात चपला आहेत का? ती म्हणाली हे काय विचारतेस. तिला काय सांगू. ३० सप्टेंबर ९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाट होत होती, आम्ही अनवाणी बाहेर पडलो होतो, काचा आणि दगडांवरून. किल्लारीकडचे माझे मामा-मामी सकाळी सापडले. म्हणून चपला.

तेव्हापासून लेक झोपताना चपला उशाशी ठेवते. मीही ठेवते.

मांडवीतीर
काकू, 🙏

अमोल_जी
आजपासून आम्हीही.

ऋतुजा_पनवेल
विषय थोडा वेगळा आहे पण विचारते, भाचीला सायप्रसला ॲडमिशन मिळालीये, जानेवारीत जाणार. तिकडे कढीपत्ता मिळतो का? आणि पैसे एकाच बँकेत ठेवायचे का?

निशिगंध
कढीपत्ता मिळतो, निकोसियात श्रीलंकन आणि नेपाळी लोकांची दुकानं आहेत, जुन्या शहरात. घरकाम करणाऱ्या बायकांना रविवारी सुट्टी असते, त्या बागेत जमतात, तिथे कोणालाही विचार, नेऊन सोडतील. पैशांचं म्हणशील तर महिन्याभराची रोकड घरात असू दे, एवढंच मी सांगेन. प्लगचं ॲडॉप्टर मात्र ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी पिनांचं. गाड्याही आपल्यासारख्या डावीकडून.

@अमोल_जी तुमचं राहिलं. नव्हतं सांगितलं. फोनवर "सगळं छान" म्हणत राहिले. मे महिन्यात सांगितलं, तर बाबा म्हणाले, मला १७ तारखेलाच कळलं होतं, पेपरात वाचलं. तू घाबरशील म्हणून विचारलं नाही.

भाकरी_पिठलं
अगं 😭 कुकर लावलाय, नंतर येते. हलुमी कुठल्या दुकानात मिळालं ते लिहून ठेव.